आरंभीच्या स्मार्टफोन कार्यप्रणालींची रचना आणि आवृत्ती-व्यवस्थापन : मराठी भाषेच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या उत्तरार्धात भ्रमणध्वनी या साधनाचे स्वरूप मुळापासून बदलले. जानेवारी २००७ मध्ये ॲपल कंपनीने आयफोन जाहीर केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गूगलच्या पुढाकाराने अँड्रॉइड या कार्यप्रणालीची घोषणा झाली आणि ऑक्टोबर २००८ मध्ये अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन अमेरिकेत विक्रीस आला. बोलण्याचे आणि लघुसंदेश पाठविण्याचे साधन असलेला फोन यानंतर खिशातील संगणक झाला. या स्थित्यंतराचे वर्णन ‘क्रांती’ या शब्दाने करण्याची प्रथा पडली आहे. क्रांती झाली यात शंका नाही; परंतु ती कोणत्या भाषेत झाली आणि कोणाच्या हातापर्यंत केव्हा पोहोचली, हा प्रश्न मात्र मराठीत फारसा विचारला गेलेला नाही.

पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील शेळगाव हे गाव उदाहरणादाखल घेता येईल. बारामती व इंदापूर हे दोन्ही तालुके ऊस, डाळिंब, द्राक्ष यांसारख्या नगदी पिकांचे. या पिकांना पाण्याइतकीच माहितीची गरज असते. बाजारभाव, हवामानाचा अंदाज, डाळिंबावरील ‘तेल्या’ रोगाविषयीचा सल्ला यांपैकी काहीही दोन दिवस उशिरा मिळाले किंवा चुकीचे वाचले गेले, तर हंगामाचे गणित बिघडू शकते. अशा गावातील वाचकाच्या हाती नवा, महागडा, ‘हुशार’ म्हणविला जाणारा फोन यावा आणि त्यावर मराठी मजकुराच्या जागी रिकाम्या चौकटी दिसाव्यात, हा त्या क्रांतीचा दुसरा चेहरा होय.

प्रस्तुत लेखात आरंभीच्या स्मार्टफोन कार्यप्रणालींची, मुख्यतः अँड्रॉइडची आणि तुलनेसाठी आयफोन व विंडोज फोन यांची, दोन अंगांनी चिकित्सा केली आहे. पहिले अंग रचनेचे, दुसरे आवृत्ती-व्यवस्थापनाचे. या कार्यप्रणालींनी मराठीच्या बाबतीत केलेली चूक तंत्रज्ञानाच्या अशक्यतेतून आलेली नव्हती, तर प्राधान्यक्रमातून आलेली होती. आणि चूक दुरुस्त झाल्यानंतरही ती दुरुस्ती वापरणाऱ्याच्या हातातील फोनपर्यंत नेण्याची व्यवस्थाच त्यांच्याकडे नव्हती, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

चिकित्सेचे निकष :

कोणत्याही साधनाची समीक्षा त्याच्या काळाच्या मर्यादा लक्षात घेऊन करावी लागते. २००८ च्या फोनला आजच्या फोनचे माप लावणे हा अन्याय ठरेल. म्हणून येथे तीन साधे निकष स्वीकारले आहेत. एक, जी उणीव दाखविली जाते ती दूर करण्याचे ज्ञान त्या काळी उपलब्ध होते काय? दोन, ती उणीव दुय्यम सोयीविषयीची आहे की मूलभूत कार्याविषयीची? तीन, उणीव लक्षात आल्यावर आणि तिच्यावर उपाय सापडल्यावर तो उपाय आधीच फोन विकत घेतलेल्या माणसाला मिळाला काय?

पहिल्या निकषामुळे काळाला न्याय मिळतो, दुसऱ्यामुळे वापरणाऱ्याला. तिसरा निकष तंत्रज्ञानाच्या समीक्षेत सहसा वगळला जातो. नवी आवृत्ती जाहीर झाली की वृत्तपत्रांच्या आणि कंपन्यांच्या दृष्टीने विषय संपतो. वस्तुतः आवृत्ती प्रसृत होणे आणि ती पोहोचणे या दोन भिन्न घटना आहेत. या दोहोंमधील अंतर किती होते, हे पाहिल्याशिवाय आरंभीच्या स्मार्टफोनचे मूल्यमापन पूर्ण होत नाही.

पूर्वपीठिका : साध्या फोनवरील मराठी

स्मार्टफोन येण्यापूर्वी भ्रमणध्वनीवर देवनागरी नव्हतीच असा समज आढळतो. तो बरोबर नाही. नोकियासारख्या कंपन्यांनी भारतीय बाजारपेठेसाठी बनविलेल्या साध्या फोनमध्ये २००० नंतरच्या दशकात हिंदी व अन्य भारतीय भाषांची सोय क्रमाक्रमाने आणली होती. या सोयीच्या आधारावर महाराष्ट्रात काही महत्त्वाचे प्रयोगही झाले. ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही शेतकऱ्यांसाठीची लघुसंदेश सेवा २००७ मध्ये महाराष्ट्रात सुरू झाली. ती मराठीतून बाजारभाव, हवामान आणि पीकविषयक सल्ला देत असे. नोकियाच्या ‘लाइफ टूल्स’ या सेवेची चाचणीही २००८ च्या अखेरीस महाराष्ट्रातच घेण्यात आली आणि २००९ मध्ये ती देशात व्यापारी तत्त्वावर उपलब्ध झाली. या सेवेच्या उभारणीत महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाचाही सहभाग होता. ती चालत होती ती अगदी साध्या, बटणांच्या फोनवर.

बारामती परिसराचा या संदर्भातील वाटा स्वतंत्रपणे नोंदविण्यासारखा आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २००३ मध्ये ‘आक्वा’ ही शेतीविषयक प्रश्नोत्तरांची संगणकीय प्रणाली विकसित केली. शेतकऱ्याने आपल्या भाषेत प्रश्न विचारावा आणि तज्ज्ञाने त्याच भाषेत उत्तर द्यावे, अशी तिची योजना होती, आणि तिच्यावरील प्रश्नांना उत्तरे देण्याच्या कामी बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांचा सहभाग होता. म्हणजे मराठी मजकूर संगणकावर लिहिला, साठविला आणि वाचला जाण्याचा व्यवहार या भागाला स्मार्टफोनच्या आधीपासून परिचित होता.

त्यामागील तांत्रिक ज्ञानही पुणे जिल्ह्यातच होते. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेच्या ‘जिस्ट’ गटाने भारतीय लिप्यांच्या संगणकीकरणाचे काम दीर्घकाळ केले. भारतीय लिप्यांसाठीची ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये राष्ट्रीय प्रमाणक झाली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली, तीत देवनागरीचा समावेश होता. विंडोज २००० या कार्यप्रणालीत देवनागरीचे योग्य दर्शन घडविण्याची सोय होती. पहिला निकष येथेच लागू होतो: २००८ साली देवनागरी पडद्यावर नीट कशी दाखवावी, हा अनुत्तरित प्रश्न उरलेला नव्हता.

रचनेतील उणिवा :

आरंभीच्या स्मार्टफोनमध्ये अनेक गोष्टींचा अभाव होता. पहिल्या आयफोनवर बाहेरील आज्ञावली बसविण्याची सोय नव्हती. ती जुलै २००८ मध्ये आली. ऑगस्ट २००८ मध्ये आयफोन भारतात आला तेव्हा त्यावर मजकूर उचलून दुसरीकडे चिकटविता येत नव्हता; त्यासाठी जून २००९ ची वाट पाहावी लागली. अँड्रॉइडच्या पहिल्या फोनला पडद्यावरचा कळफलक नव्हता. तो एप्रिल २००९ मधील १.५ या आवृत्तीने दिला. या उणिवा गैरसोयीच्या असल्या तरी त्या सर्व भाषांच्या वापरकर्त्यांना समान होत्या आणि वर्ष-दीड वर्षात दूर झाल्या.

देवनागरीची उणीव मात्र वेगळ्या जातीची होती. अँड्रॉइडच्या २.३ पर्यंतच्या मूळ आवृत्त्यांत देवनागरीचा टंक समाविष्ट नव्हता. परिणामी मराठी मजकुरातील प्रत्येक अक्षराच्या जागी एक चौकट उमटे. रोमन अंक मात्र दिसत. म्हणजे पीकसल्ल्याचा एखादा संदेश आला, तर त्यातील आकडा वाचता येई, पण तो आकडा कोणत्या औषधाचा, किती पाण्यात मिसळण्याचा आणि कोणत्या दिवसाचा, हे कळत नसे. शेतीच्या सल्ल्यात असा नामाविना आकडा निरुपयोगीच नव्हे, तर घातक ठरू शकतो. फोनचे मूलभूत कार्य आलेला निरोप वाचता येणे हे आहे. ही उणीव त्या मूलभूत कार्याविषयीची होती, दुय्यम सोयीविषयीची नव्हती.

केवळ टंक बसविल्याने प्रश्न सुटत नव्हता, ही बाबही समजून घेण्यासारखी आहे. देवनागरीतील वर्ण ज्या क्रमाने साठविले जातात त्याच क्रमाने ते दिसत नाहीत. ‘शिक्षण’ या शब्दात ‘श’ आधी साठविला जातो आणि ऱ्हस्व वेलांटी नंतर. पडद्यावर मात्र वेलांटी ‘श’ च्या अलीकडे यावी लागते. पुढे ‘क’, हलन्त आणि ‘ष’ या तिघांचे मिळून ‘क्ष’ व्हावे लागते. हे काम टंक करीत नाही. वर्णांची आकारजुळणी करणारी स्वतंत्र यंत्रणा कार्यप्रणालीत असावी लागते. ती नसेल तर वेलांट्या भलत्या अक्षरामागे जातात आणि जोडाक्षरे सुटी पडून हलन्ताची चिन्हे उघडी दिसतात. काही जाणकार वापरकर्ते फोनची मूळ कुलुपे तोडून त्यात देवनागरी टंक घालीत. त्यात कंपनीची हमी गमावण्याचा धोका असे आणि एवढे करूनही हाती येई ती मोडलेली मराठीच.

मराठीची म्हणून असलेली काही वैशिष्ट्ये या ठिकाणी अधिकच अडचणीत आली. पहिले वैशिष्ट्य ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांतील आडव्या अर्ध्या ‘र’ चे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ या जोड्यांमध्ये अर्थभेद आहे, हे मराठीच्या अध्यापकांना सांगावयास नको. हिंदीपुरता विचार करून बनविलेल्या टंकात हे चिन्ह उपेक्षित राहण्याचा संभव असतो. खुद्द ‘शेतकऱ्यांना’ हा शब्दच या चिन्हाशिवाय शुद्ध लिहिता येत नाही, ही वस्तुस्थिती पुरेशी बोलकी आहे. शिवाय हे चिन्ह युनिकोडमध्ये दोन निरनिराळ्या पद्धतींनी साठविता येते. दिसायला एकच असणारे दोन शब्द संगणकाच्या लेखी भिन्न ठरतात आणि एका पद्धतीने लिहिलेला ‘शेतकऱ्यांना’ दुसऱ्या पद्धतीने शोधल्यास सापडतोच असे नाही.

दुसरे वैशिष्ट्य ‘ॲ’ या स्वराचे. या स्वराला स्वतंत्र संकेतांक युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, म्हणजे एप्रिल २००८ मध्ये मिळाला. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची लिपी व वर्णमाला प्रमाणित केली तेव्हा ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना स्वरमालेत स्थान दिले. लिपीचे प्रमाणीकरण आणि स्मार्टफोनचा प्रसार या दोन घटना अशा एकाच काळात घडत होत्या. परंतु एकीचा दुसरीशी संबंध जोडणारे कोणी नव्हते. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ यांचीही स्थिती हीच. हिंदी आणि मराठी यांच्यासाठी या वर्णांचे संकेतांक समान असल्याने भाषेनुसार योग्य आकार दाखविण्याची जबाबदारी टंक आणि कार्यप्रणाली यांच्यावर येते. ‘देवनागरी म्हणजे हिंदी’ हे समीकरण गृहीत धरलेल्या रचनेत ही जबाबदारी कोणाचीच उरली नाही.

या काळात ऑपेरा मिनी या न्याहाळकाने योजलेला उपाय उल्लेखनीय आहे. त्याच्या अंतर्गत मांडणीत एक पर्याय निवडला की संकेतस्थळावरील देवनागरी मजकूर कंपनीच्या दूरस्थ संगणकावर जुळविला जाई आणि फोनवर अक्षरांऐवजी त्या मजकुराचे चित्र पाठविले जाई. अनेकांनी आपल्या फोनवर मराठी प्रथम वाचली ती अशी चित्ररूपात. हा उपाय कल्पक होता, परंतु त्याने मूळ दोषच अधोरेखित होतो. जे काम कार्यप्रणालीने पायाभूत म्हणून करायचे, ते एका बाहेरच्या आज्ञावलीला वळसा घालून करावे लागले. शिवाय हा वळसा त्या न्याहाळकापुरताच उपयोगी होता. लघुसंदेश, नावांची यादी किंवा विरोप यांना त्याचा लाभ नव्हता.

आवृत्ती-व्यवस्थापनातील उणिवा :

ऑक्टोबर २०११ मध्ये जाहीर झालेल्या अँड्रॉइड ४.० या आवृत्तीपासून देवनागरीचे दर्शन बऱ्याच अंशी सुधारले. फोनची संपूर्ण भाषा म्हणून मराठी निवडण्याची सोय नोव्हेंबर २०१४ मधील ५.० या आवृत्तीत आली. म्हणजे पहिल्या फोनपासून मराठी वाचता येण्यास सुमारे तीन वर्षे आणि मराठीला फोनच्या भाषांच्या यादीत स्थान मिळण्यास सुमारे सहा वर्षे लागली. कागदावरचा हा विलंब फार मोठा नाही असे कोणी म्हणू शकेल. परंतु कागदावरील तारीख आणि हातातील फोन यांचा मेळ येथे बसत नाही.

याचे कारण अँड्रॉइडच्या वितरणव्यवस्थेत आहे. गूगल मूळ कार्यप्रणाली तयार करी. ती फोनमधील मुख्य चिप बनविणाऱ्या कंपनीला आपल्या चिपशी जुळवून घ्यावी लागे. त्यानंतर फोन बनविणारी कंपनी तीत स्वतःचे बदल करी. अनेक देशांत पुढे दूरसंचार कंपनीची संमतीही लागे. या साखळीतील प्रत्येक कडीचे उत्पन्न नवा फोन विकण्यातून येत असल्याने विकलेल्या फोनवर पुन्हा श्रम करण्यात कोणालाच आर्थिक स्वारस्य नव्हते. स्वस्त फोनच्या बाबतीत तर ते अजिबात नव्हते. ज्या ग्राहकाला मराठीची गरज सर्वाधिक, तोच स्वस्त फोन घेणार आणि त्यालाच सुधारित आवृत्ती मिळण्याची शक्यता सर्वांत कमी, असा हा विपरीत न्याय होता.

गूगलने स्वतः प्रसिद्ध केलेली आकडेवारी याची साक्ष देते. जुलै २०१२ च्या आरंभी, म्हणजे ४.० ही आवृत्ती जाहीर होऊन आठ महिन्यांहून अधिक काळ लोटल्यावरही, जगभरातील वापरात असलेल्या अँड्रॉइड साधनांपैकी सुमारे ११ टक्के साधनांवरच ती होती. सुमारे ६४ टक्के साधने डिसेंबर २०१० मधील २.३ या आवृत्तीवरच अडकून पडली होती. याच महिन्यात पुढची ४.१ ही आवृत्ती दाखल झाली. म्हणजे एक दुरुस्ती दहातील एका फोनपर्यंत जेमतेम पोहोचते, तोच तिच्या पुढची दुरुस्ती जाहीर होत होती.

कंपन्यांना या दोषाची जाणीव नव्हती असेही नाही. मे २०११ मध्ये गूगलने फोननिर्मात्या व दूरसंचार कंपन्यांसह अशी घोषणा केली होती की, नव्या फोनला विक्रीपासून १८ महिने सुधारित आवृत्त्या दिल्या जातील. फोनची क्षमता अनुमती देईल तर, अशी सवलतीची अटही तीत होती. ही घोषणा व्यवहारात उतरली नाही. दोषावर रचनेच्या पातळीवरील उपाय २०१७ मधील ८.० या आवृत्तीत आला. तीत मूळ कार्यप्रणाली आणि चिपनिर्मात्याचा भाग यांची फारकत करण्यात आली, जेणेकरून एकीची सुधारणा दुसऱ्यावर अवलंबून राहू नये. ही फारकत पहिल्या दिवसापासून असती तर मधल्या काळातील असंख्य फोन अकाली वृद्ध झाले नसते.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण विंडोज फोनचे. मायक्रोसॉफ्टने २०१० च्या अखेरीस ही कार्यप्रणाली नव्याने बाजारात आणली, तेव्हा तीतही मजकूर उचलून चिकटविण्याची सोय नव्हती. ती मार्च २०११ मध्ये आली. त्याच्या आधी फेब्रुवारीत पाठविलेल्या एका पूर्वतयारीच्या सुधारणेने सॅमसंगचे काही फोन निकामी केले आणि ती सुधारणा थांबवावी लागली. २०११ च्या अखेरीस नोकियाचे ल्युमिया फोन भारतात आले. जून २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की, तोपर्यंत विकलेल्या एकाही विंडोज फोनला पुढची ८ ही आवृत्ती मिळणार नाही. ज्या ग्राहकाने नोकिया या नावावरील जुन्या विश्वासाने हा फोन घेतला, त्याचा फोन काही महिन्यांत मागील पिढीचा ठरला. अँड्रॉइडमध्ये सुधारणा वाटेत अडत होती. येथे ती वाटेला लागणारच नव्हती.

आयफोनची व्यवस्था या बाबतीत सरस होती, हे मान्य केले पाहिजे. कार्यप्रणाली आणि फोन दोन्ही एकाच कंपनीचे असल्याने सुधारित आवृत्ती थेट ग्राहकाला मिळे. परंतु त्याची किंमत पाहता ग्रामीण महाराष्ट्राच्या दृष्टीने हा पर्याय नावापुरताच होता. चांगले आवृत्ती-व्यवस्थापन महाग फोनला आणि वाईट व्यवस्थापन स्वस्त फोनला, अशी ही वाटणी झाली.

बचावाच्या मुद्द्यांची तपासणी :

या टीकेवर तीन आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप स्मरणक्षमतेचा: त्या काळच्या फोनमध्ये जागा अत्यल्प होती, सर्व लिप्यांना ती कोठून द्यावी? हा आक्षेप वरवर सयुक्तिक वाटतो. परंतु आरंभीच्या अँड्रॉइडमध्ये चिनी, जपानी व कोरियन लिप्यांसाठी हजारो चिन्हांचा टंक समाविष्ट होता. देवनागरीच्या मुख्य विभागात युनिकोडने राखलेल्या जागा आहेत अवघ्या १२८. जोडाक्षरांचे आकार धरले तरी तिचा टंक त्या मानाने फारच लहान. तेव्हा अडचण जागेची नव्हती. आकारजुळणीच्या यंत्रणेसाठी अधिक श्रम लागले असते हे खरे. पण ते ज्ञान, वर दाखविल्याप्रमाणे, उपलब्ध होते.

दुसरा आक्षेप बाजारपेठेचा: २००८ मध्ये भारतात स्मार्टफोन घेणारे थोडे आणि तेही इंग्रजी जाणणारे होते. हे तथ्य आहे, पण ते कारण आहे की परिणाम, हे तपासावयास हवे. ज्या फोनवर मराठी दिसतच नाही, तो केवळ मराठी जाणणाऱ्याने घ्यावा कशासाठी? २०११ च्या जनगणनेनुसार मराठी ही मातृभाषा असणाऱ्यांची संख्या ८ कोटी ३० लाखांच्या आसपास होती. एवढ्या समूहाला ग्राहक मानण्यापूर्वी त्याने इंग्रजी ग्राहक होऊन दाखवावे, अशी ही अपेक्षा होती. रोमन लिपीत मराठी लिहिण्याची सवय याच काळात बळावली. तिचे खापर केवळ तरुण पिढीच्या आळसावर फोडणाऱ्यांनी, त्या पिढीला देवनागरीचा पर्यायच किती काळ नाकारला गेला, याचाही विचार करावा. देवनागरी लघुसंदेशात ७० वर्ण मावतात आणि रोमन लघुसंदेशात १६०, हा खर्चाचा फरकही त्यास कारणीभूत होता.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मराठी वाचता आली म्हणून शेतकऱ्याचे हित साधतेच असे नाही. या आक्षेपाला संशोधनाचा आधार आहे. मार्सेल फाफशां आणि बार्ट मिंटेन यांनी महाराष्ट्रातील १०० गावांत रॉयटर्सच्या उपरोक्त लघुसंदेश सेवेचा अभ्यास केला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, सेवेमुळे शेतकऱ्यांना मिळणाऱ्या सरासरी भावात संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय वाढ आढळली नाही. मराठीतून मिळालेली माहितीही आपोआप उत्पन्न वाढवीत नाही, हा निष्कर्ष अवश्य स्वीकारला पाहिजे. परंतु त्यातून भाषेची सोय अनावश्यक ठरत नाही. रस्ता झाला म्हणून गाव श्रीमंत होतेच असे नाही. तरीही गावाला रस्ता लागतो. वाचता येणे ही लाभाची हमी नसून लाभाची पूर्वअट आहे. ज्याला आलेला मजकूर वाचताच येत नाही, त्याच्या बाबतीत तो उपयोगी पडला की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही.

पुढील वाटचाल :

कालांतराने यातील बऱ्याच उणिवा दूर झाल्या. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १६३३३ (भाग ३) या २०१६ च्या प्रमाणकानुसार भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर घटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांतील मजकूर वाचता येणे, तसेच इंग्रजी, हिंदी आणि आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता येणे आवश्यक ठरविण्यात आले. २०१७ पासून हे लागू करण्याचा आदेश निघाला. पुढे त्यास मुदतवाढही द्यावी लागली. बाजारपेठेने जे आपणहून करावयास हवे होते, त्यासाठी शासनास नियम करावा लागला, आणि तोही पहिल्या फोननंतर आठ वर्षांनी.

प्रश्न मात्र जुना झालेला नाही. त्याने स्थान बदलले आहे. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’ हा उपक्रम राज्यभर सुरू केला. सातबारावरील पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः आपल्या फोनवरून करावी, अशी ही योजना. ज्याच्याकडे योग्य फोन नाही त्याला दुसऱ्याच्या फोनवरून नोंद करता यावी, म्हणून एकाच फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करण्याची मुभा तीत ठेवली आहे. वापरणाऱ्याची परिस्थिती आधी ओळखून केलेल्या रचनेचे हे चांगले उदाहरण होय. त्याचबरोबर, अशा उपक्रमाची नवी आवृत्ती जुन्या फोनवर चालत नसेल, तर आता केवळ एखादा निरोप वाचावयाचा राहत नाही. जमिनीच्या अभिलेखातील नोंद राहते. एखाद्या फोनची आवृत्ती कोणती, हा प्रश्न त्यामुळे केवळ तांत्रिक उरलेला नसून नागरिकाच्या हक्काशी निगडित झाला आहे. २.३ या आवृत्तीवर अडकलेल्या फोनचा अनुभव या दृष्टीने आजही शिकण्यासारखा आहे.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) आरंभीच्या स्मार्टफोनवरील देवनागरीचा अभाव हा ज्ञानाच्या अभावातून आलेला नव्हता. ते ज्ञान विंडोज २००० मध्ये, युनिकोडमध्ये आणि पुण्यातील संस्थेतही उपलब्ध होते.

२) लिपीचे योग्य दर्शन हे फोनच्या पायाभूत कार्यांपैकी एक असताना त्यास पुढील आवृत्तीत द्यावयाची सोय मानले गेले. साध्या फोनने दिलेली मराठी महागड्या फोनने काढून घेतली, ही या काळातील प्रगतीची विसंगती होय.

३) देवनागरी म्हणजे हिंदी, या समजुतीमुळे ‘ऱ्य’, ‘ॲ’ आणि मराठी वळणाचे ‘ल’ व ‘श’ यांची उपेक्षा झाली. मराठीची चाचणी मराठीच्याच मजकुरावर घेतली पाहिजे.

४) दुरुस्ती जाहीर झाली या तारखेवरून कार्यप्रणालीचे मूल्यमापन करणे अपुरे आहे. ती दुरुस्ती सर्वांत स्वस्त फोनवर केव्हा पोहोचली, हाच खरा मापदंड होय.

यातील तिसऱ्या निष्कर्षाची जबाबदारी केवळ कंपन्यांवर टाकून चालणार नाही. मराठी विभागाला ‘ऱ्य’ चे महत्त्व ठाऊक असते, संगणकशास्त्र विभागाला आकारजुळणीचे तंत्र. परंतु एकाच महाविद्यालयाच्या इमारतीत हे दोन विभाग सहसा एकमेकांना भेटत नाहीत. मराठीची सर्व वैशिष्ट्ये असलेला एक प्रमाणित कसोटी-उतारा तयार करावा, विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील जुन्या-नव्या फोनवर तो तपासावा आणि आढळलेले दोष संबंधित संस्थांना कळवावेत, असा प्रकल्प कोणत्याही ग्रामीण महाविद्यालयाला अल्प खर्चात करता येण्यासारखा आहे. शेळगावसारख्या गावातील सर्वांत जुन्या फोनवर ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द अचूक उमटतो की नाही, हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. ते पाहिले जाते की नाही, यावरच पुढच्या कार्यप्रणालींची मराठीशी असलेली बांधिलकी ठरणार आहे.